नेलपॉलिशचे ठिपके

स्क्रीन काळी झाली, परत उजळली, आणि अक्षरं जागेवर आली. मंतशाने घाम पुसायला हात वर केला होता तो तसाच राहिला. कोणीतरी बेंबीखाली गुद्दा घालावा तसं तिला झालं. पाच मिनिटांपूर्वीपर्यंत या मशीनच्या स्क्रीनवर नुसता उकिरडा होता. टोपी घातलेला ई, डोळे वटारलेला ए, उलटं लटकलेलं प्रश्नचिन्ह, मधेच बदकासारखं वळलेलं काहीतरी. आता तिथे चिनी अक्षरं उभी होती, काळी, ताठ, परेडला उभी केल्यासारखी. तिला त्यातलं एकही वाचता येत नव्हतं. पण गुद्दा अक्षरांचा नव्हताच. उकिरड्यात एका एका अक्षराची दोन दोन झाली होती, त्यामुळे रांगेच्या डोक्यावरचं मोठं नाव एका ओळीत मावत नव्हतं, ते मोडून दोन ओळींत पडलं होतं आणि त्याने खालची सगळी रांग एक घर खाली ढकलली होती. अक्षरं नीट झाली तसं ते नाव एका ओळीत मावलं, आणि रांग एक घर वर सरकली. काचेच्या डाव्या कडेला वर्षानुवर्षं चिकटलेले चार ठिपके होते, नेलपॉलिशचे, जांभळा, चंदेरी, लाल, हिरवा. मघाशी पहिला ठिपका मोडक्या नावाच्या शेपटीसमोर होता आणि शेवटच्या ओळीला ठिपकाच नव्हता. आता चार ओळी होत्या आणि चार ठिपके होते. एकासमोर एक. अब्बाने लावले तेव्हा होते तसे.

नेलपॉलिश तिचीच होती. पाचवीत असताना ईदला घेतलेली चार बाटल्यांची डबी. ही मशीन नवी आली तेव्हा चीनचा एक माणूस आणि त्याच्याबरोबर सुरतेचा एक दुभाष्या आठ दिवस शेडमध्ये होते, आणि चांदभाईला, म्हणजे तिच्या अब्बाला, त्यांनी काय दाबलं की काय होतं ते दाखवलं. अब्बाला ना चिनी येत होतं ना इंग्रजी. त्याने घरी येऊन पोरीची डबी मागितली. ती रडली, पाय आपटले, त्याच्या मांडीला चावली. डबी सकाळी गेली आणि संध्याकाळी परत आली, प्रत्येक बाटलीतला एक एक थेंब कमी. एवढ्यासाठी आपण चावलो याची तिला तेव्हाच लाज वाटली होती, आणि लाज वाटली की तिला राग येतो, मग ती अजून एकदा चावली होती. त्या चाव्याची खूण मांडीवर आहे अजून, असं अब्बा पाहुण्यांना सांगायचा. आता सांगत नाही. आता पाहुणे आले की तो उजवा हात सदऱ्याच्या खिशात ठेवतो. त्या हाताला अंगठा आहे. बाकीची चार दीड वर्षापूर्वी या मशीनच्या साच्यात गेली.

एमआयडीसीतल्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये मे महिन्यात उभं राहायचं म्हणजे भट्टीत उभं राहायचं. वर पत्रा तापलेला, खाली चार मशिनी प्लास्टिक वितळवतायत, आणि आवाज असा की दाढा हलाव्यात. प्रत्येक मशीन खुर्च्या ओकत होती. निळी खुर्ची, पाठीला जाळी, जाळीच्या मधोमध फूल. जळगावात हीच खुर्ची सगळीकडे. लग्नात तीच, दवाखान्यात तीच, गोलाणी मार्केटमध्ये त्यांच्या मोबाईलच्या दुकानातही गिऱ्हाईकाला बसायला तीच. मंतशाने गेल्या वर्षी मामेबहिणीच्या निकाहात तीन खुर्च्या लाथा घालून मोडल्या होत्या. लोक म्हणाले पोरीला काहीतरी लागिर झालंय. कोणाला माहीत नव्हतं की जाळीतलं ते फूल बघितलं की तिला साच्याचं तोंड दिसायचं, मिटणारं, आणि त्यात काय काय राहिलं असेल ते दिसायचं. त्या दिवशी साच्यातून जी खुर्ची निघाली ती अर्धीच होती म्हणे. बेबाबाईने, जी खुर्च्यांचे काठ कापते, तिनेच ती पोत्यात घालून मागे नेऊन जाळली. निळी निघाली नव्हती, एवढंच ती बोलली होती. त्याच महिन्यात शाळेत एका पोरीने हळूच मागून थोट्याची पोर म्हटलं. मंतशाने वळून कंपासमधलं कर्कटक तिच्या पंजात घातलं, बाकड्यापर्यंत. दहावी तिथेच संपली. तिला वाईट वाटायला हवं होतं. तिला आठवतो फक्त तो बारीक कर्र आवाज, लाकडात टोक गेल्याचा, आणि तो ऐकून पहिल्यांदा त्या महिन्यात आपल्याला शांत झोप लागली हे.

दीड वर्ष तिच्या डोक्यात एकच प्रश्न दात खात होता. दार उघडं असताना साचा मिटलाच कसा? या मशीनला दार असतं. दार उघडलं की साचा हलत नाही, मशीनला ते कळतं. म्हणजे कोणीतरी ती तपासणी काढून ठेवली होती. आणि काढणार कोण? ज्याला खुर्च्या लवकर हव्या होत्या तो. सुरेशचंद शेठ. दवाखान्यात शेठ मोसंबी घेऊन आला होता, खाटेच्या पायथ्याशी उभा राहून म्हणाला की चांदभाई, वीस वर्षांत तुमचा हात कधी चुकला नाही, त्या दिवशी कसा चुकला. आणि अब्बा, गुंगीतला अब्बा, छताकडे बघत म्हणाला, "माझीच चूक शेठ." ते वाक्य त्याने नंतर सगळ्यांना सांगितलं. पोलिसाला, नात्यातल्यांना, आणि अम्मी जेव्हा त्याला पहिल्यांदा हाताने घास भरवायला बसली तेव्हा तिलाही. मंतशा त्याच्यावर ओरडायची. भित्रा म्हणायची. शेठच्या गाडीची काच तिनेच फोडली होती, विटेने, आणि पळाली नव्हती.

म्हणून आज सकाळी शेठचा मुलगा श्रेयांस याचा दुकानात फोन आला तेव्हा ती खुर्चीवरून उठून उभीच राहिली. मशीन धुळ्याची पार्टी विकत घेणार होती, उद्या बघायला येणार होती, आणि स्क्रीनवर असला कचरा असताना कोण घेईल? चिनी का होईना, धड दिसलं पाहिजे. फोन दानिशने घेतला होता, तिच्या मोठ्या भावाने, दुकान त्याचंच. तो म्हणाला पोटात दुखतंय, जमणार नाही, दुसरा कोणी बघा. फोन ठेवून तो मागच्या टेबलाशी जाऊन एका मोबाईलची काच तापवत बसला, तापवत बसला, काच तडकली तरी तापवत बसला. मंतशाने त्याला सरळ बायल्या म्हटलं. ज्या मशीनने बापाचा पंजा खाल्ला तिला हात लावायची संधी आलीय, ती उद्या धुळ्याला गेली की आत काय नोंदलंय ते कायमचं गेलं, आणि याच्या पोटात दुखतंय. दानिश तसाही कमी बोलतो. त्याचे हात बोलतात असं अब्बा म्हणायचा, केसाएवढी तार जोडतो, सुईच्या टोकावर. तिने त्याच्या खिशातून कपाटाच्या चाव्या काढून घेतल्या, कपाटातून पेनड्राइव्ह घेतला, आणि पिशवीत स्क्रूड्रायव्हरच्या खाली लोखंडी पाना टाकला. पाना कशाला ते तिने स्वतःला विचारलं नाही. शेठला जेव्हा त्याच्याच स्क्रीनवरची ओळ वाचून दाखवायची तेव्हा हातात काहीतरी जड असलेलं बरं, एवढंच.

काम सोपं होतं. मशीनच्या पोटात जुना कॉम्प्युटर, त्यात एक खिडकी, त्यात एक प्रश्न की जुन्या प्रोग्रॅमसाठी कुठली भाषा धरायची. तिथे इंग्रजी होतं. तिने चिनी केलं, पेनड्राइव्हवरून अक्षरांची फाईल टाकली, बंद केलं, चालू केलं. यूट्यूबवर बघून असली पन्नास कामं तिने केली असतील. श्रेयांस बाजूला निळ्या खुर्चीवर बसून फोन बघत होता, मधून मधून पंखा तिच्याकडे फिरवत होता, आणि त्याच्या प्रत्येक भल्या हालचालीने तिला त्याचं मनगट पिरगाळावंसं वाटत होतं. आता तिने भाषांतर करणारा मोबाईलचा कॅमेरा स्क्रीनसमोर धरला. चिनी अक्षरांवर मराठी तरंगायला लागली, थरथरत, वेड्यासारखी. जांभळ्यासमोर: मूस जवळ करा, म्हणजे साचा मिटवा. चंदेरीसमोर: दरवाजा शोध रद्द, म्हणजे दाराची तपासणी बंद. लालसमोर: मोटर बंद. हिरव्यासमोर: मूस उघडा. तिने आत जाऊन नोंदी उघडल्या. आकडे उकिरड्यातही मोडले नव्हते, तारखा जशाच्या तशा होत्या. ती तारीख तिने बोटाने शोधली नाही, डोळ्यांनीच ती उचलून आणली. अकरा बावन्न आणि दहा सेकंद, दरवाजा शोध रद्द, इथूनच, याच काचेवरून. अकरा बावन्न आणि एक्केचाळीस सेकंद, मूस जवळ. मध्ये एकतीस सेकंद. एकतीस सेकंदांत दार सरकवायचं, वाकायचं, अडकलेली खुर्ची ओढायला आत हात घालायचा.

म्हणजे शेठने नाही. ऑफिसातल्या कॉम्प्युटरवरून नाही. अब्बानेच दाबलं होतं. तिला पाना आठवला आणि पाना आता कोणावर उचलायचा ते कळेना. बापावर?

मागून बेबाबाई आली, पदराने मान पुसत, आणि स्क्रीनकडे बघून थांबली. वीस वर्षं खुर्च्यांचे काठ कापून तिची बोटंही कापलेल्या काठांसारखीच झालेली. तिला अक्षरांशी घेणंदेणं नव्हतं. ती ठिपक्यांकडे बघत होती, घरातलं हरवलेलं भांडं सापडावं तशी. मंतशाच्या कानाशी येऊन, मशिनींच्या आवाजावर आवाज काढत ती म्हणाली, "तुना बाप आखर वाचे नही वं बेटी, तो ठिपका दखे. खुर्ची अटकनी का लाल ठिपक्याले बोट लावे. लाल म्हंजे मोटार बंद."

लाल म्हणजे मोटार बंद. आज होय. आज लाल ठिपक्यासमोर मोटार बंद आहे. आणि पाच मिनिटांपूर्वी, रांग एक घर खाली होती तेव्हा, लाल ठिपक्यासमोर काय होतं? चंदेरीचं होतं. दरवाजा शोध रद्द. अब्बाने लाल ठिपक्यालाच बोट लावलं होतं. वीस वर्षांचा हात, बरोब्बर जागेवर गेला होता. काचेखालची ओळ सरकली होती. चार मशिनींच्या गोंगाटात एक मोटार थांबली की नाही कोणाला ऐकू येणार. त्याने खात्रीने हात आत घातला, आणि मशीनला दार दिसेनासं झालं होतं, दाराची तपासणी त्यानेच त्या क्षणाला काढली होती, मोटार थांबवतोय असं समजून, आणि चालूच राहिलेल्या मोटारीने साचा आपल्या वेळेला मिटवला. मंतशाच्या तोंडात लोखंडाची चव आली. ती गाल आतून चावत होती.

तिने श्रेयांसला विचारलं की हे अक्षरांचं कधी बिघडलं. तिचा आवाज तिलाच दुसरीकडून आल्यासारखा वाटला. श्रेयांसने फोनवरून मान वर न करता सांगितलं की झालं दीडएक वर्ष, कॉम्प्युटरमध्ये व्हायरस घुसला होता, सगळं पुसून परत टाकावं लागलं. मग त्याने मान वर केली आणि अगदी सहज म्हणाला, "तुमच्याच दुकानातून तर आला होता ना, तुझा भाऊ. संध्याकाळी साताला आला, दोन तासात करून गेला. दुसऱ्या दिवशी चांदभाईंचं ते झालं, मग कोण अक्षरं बघतंय." तो परत फोनमध्ये गेला. त्याने काही जोडलं नव्हतं. त्याच्या डोक्यात एका बाजूला व्हायरस होता आणि दुसऱ्या बाजूला चांदभाईंची बोटं होती, आणि मध्ये अख्खी एमआयडीसी होती. मंतशाच्या डोक्यात ती दोन टोकं एकमेकांवर आपटली. मशीन मिटल्यासारखी. दानिश. केसाएवढी तार जोडणारा, आणि सगळं परत टाकताना चिनी भाषा धरायची विसरलेला दानिश. पोटात दुखतंय म्हणणारा. दीड वर्ष रोज सकाळी अब्बाच्या सदऱ्याची बटणं लावून देणारा, आणि ती म्हणायची बघा केवढा श्रावण बाळ, आणि तो खाली मान घालून एक एक बटण लावत राहायचा. आणि अब्बा. पट्टी सुटल्यावर अब्बा एकदा इथे येऊन उभा राहिला होता, हिशेब करायला नाही, नुसता मशीनसमोर. बेबाबाईने सांगितलं होतं तेव्हा, तुझा बाप बराच वेळ काचेकडे बघत होता म्हणून. त्याने मोडकं नाव पाहिलं असेल. ठिपके पाहिले असतील. पहिल्या ठिपक्यासमोर शेपूट, शेवटच्या ओळीला काहीच नाही. वाचता येत नसलं तरी मोजता येतं. माझीच चूक, तो म्हणाला होता. आधी गुंगीत म्हणाला, आणि मग ते वाक्य त्याने ठेवून घेतलं, वापरायला.

उद्या धुळ्याची माणसं येणार. शेठ त्यांना घेऊन इथे उभा राहणार. शेठची नजर तिला माहीत होती, खुर्चीच्या जाळीतला एक धागा कमी असला तरी त्याला लांबून दिसतो. तो म्हणेल, अरे, हे ठिपके तर जागेवर आले. आणि मग तो मागे मागे मोजत जाईल. ती दीड वर्ष देवाकडे हेच मागत होती, की एक दिवस या काचेवर खरं दिसू दे. तिने पिशवीतून ब्लेड काढलं. जांभळा निघाला. चंदेरी निघाला. हिरवा निघाला. लाल निघेना. तो जाड होता, त्यावर परत परत लावलेला, वर्षाला एक थर असेल. तिने ब्लेड आडवं धरलं, ते वाकलं, मोडलं, मग ती नखाने खरवडायला लागली. नखाखाली लाल पापुद्रे गेले आणि मग पापुद्र्यांपेक्षा ओलं लाल यायला लागलं. श्रेयांस उठून आला, अगं काच जाईल, म्हणाला, आणि त्याने तिच्या दंडाला हात लावला. पाना पिशवीत होता म्हणून तो वाचला. तिने कोपर मारलं, त्याच्या बरगडीत, पूर्ण वजन घालून, आणि तो त्या निळ्या खुर्चीसकट मागे गेला. खुर्चीचा पाय मोडला. त्या आवाजाने यावेळी तिला शांत वाटलं नाही.

रिक्षात ती बसली तेव्हा तिला एवढंच कळत होतं की अजिंठा चौफुलीच्या सिग्नलला रिक्षा थांबली आणि तिला रिक्षावाल्याची मान दिसली, घामाने चकाकणारी, आणि त्या मानेलाही धरावंसं वाटलं. दुपारचे दोन. रस्त्यावर माणूस नव्हता, डांबर मऊ झालं होतं. कोणाला मारायचं हे तिने दीड वर्ष ठरवून ठेवलं होतं. शेठचा चेहरा तिने उशीवर, भिंतीवर, खुर्च्यांवर किती वेळा फोडला होता. आता तिथे दुसरा चेहरा होता, तिच्यासारखंच नाक असलेला, आणि हात मात्र तयारीतच होते, त्यांना चेहऱ्याशी घेणं नव्हतं. दानिशला हे आधीच माहीत होतं. हा विचार डोक्यात आला आणि डोकं फुटेल असं झालं. त्याला दीड वर्ष माहीत होतं, अब्बाला दीड वर्ष माहीत होतं, रोज सकाळी बटणं लावताना दोघंही एकमेकांकडे न बघता ते लावत होते, आणि ती मधे उभी राहून शेठला शिव्या घालत होती. त्या तिघांत येडी ती एकटी होती.

दुकानात दानिश एकटाच होता. तिने पिशवी काउंटरवर टाकली. तो तिच्या नखांकडे बघत राहिला.

"रांग वर सरकली," ती म्हणाली. "ठिपके बसले."

त्याने विचारलं नाही कुठले ठिपके. तिथेच सगळं झालं. त्याने हातातला चिमटा नीट डबीत ठेवला, डबीचं झाकण लावलं, आणि दोन्ही हात मागे घेतले, जसं काही तो तिच्यासाठी जागा करून देत होता. तिने त्याचे केस धरले आणि त्याला काउंटरवर आपटलं. काचेखाली मोबाईलची कव्हरं होती, फुलाफुलांची, ती सगळी एकदम उडाली. परत आपटलं. नाकातून काहीतरी वाकल्याचा आवाज आला. तो ओरडला नाही, हात मध्ये आणला नाही, आणि त्याच्या त्या न ओरडण्याने तिला अजून चेव आला. ती त्याला बोल म्हणत होती. बोल ना, एकदा तरी बोल. तो तोंडात रक्त घेऊन काहीतरी म्हणाला, ते एवढंच होतं की मी अब्बाला सांगितलं होतं, दुसऱ्याच दिवशी सांगितलं होतं, ते म्हणाले गप राहा, एकाचा हात गेलाय, दुसऱ्याचे राहू देत. तिने मूठ उचलली होती ती त्याच्या कानावर बसली तरी तिने ऐकलं.

माणसं जमली. शेजारचा चार्जरवाला, चहावाला, दोन गिऱ्हाइकं. कोणी आत यायला धजेना, मंतशाला सगळे ओळखत होते. त्यांच्यात मागे श्रेयांसही होता, एक हात बरगडीवर, दुसऱ्या हातात तिचा पेनड्राइव्ह, मशीनला लावलेला राहिला होता तो द्यायला आलेला. आणि त्या सगळ्यांच्या मधून, टोपी न काढताच, जोहरच्या नमाजावरून अब्बा आला. त्याने कोणाला ढकललं नाही. त्याने उजवा हात खिशातून बाहेर काढला, लोकांनी बघताच आपोआप वाट झाली. तो दोघांच्या मध्ये येऊन उभा राहिला आणि अंगठ्याने मंतशाचं मनगट दाबलं. नुसता अंगठा, पण तिला सोडवता आलं नाही.

श्रेयांसला काहीतरी विचारायचंच होतं, तो विचारत आला होता रस्ताभर. तो म्हणाला, "चांदभाई, हिने तुमचे ते ठिपके खरवडून काढले. ते आज ओळींसमोर बरोबर दिसत होते, मी नंतर विचार करत होतो. मग त्या दिवशी..." तो तिथेच अडकला, हुशार मुलगा होता, अजून दोन घरं मोजली की पोचला असता.

अब्बाने त्याच्याकडे पाहिलं. मग दानिशकडे, ज्याच्या नाकातून थेंब पडत होते काउंटरच्या काचेवर, एकाखाली एक, जवळ जवळ एका रेषेत. मग त्याने खूप सावकाश, नेहमी सांगायचा तसंच सांगितलं. "ठिपके काय करणार श्रेयांसबाबू. घाई झाली होती मला. माझीच चूक होती."

सगळे मंतशाकडे बघत होते. दीड वर्ष या वाक्यावर ती काय करते ते गोलाणी मार्केटमध्ये सगळ्यांना पाठ होतं. ती भित्रा म्हणायची, काहीतरी उचलून फेकायची. चार्जरवाल्याने हळूच आपल्या टपरीवरचा ट्रे मागे ओढला. तिचं मनगट अजून अब्बाच्या अंगठ्याखाली होतं, तिथे नाडी उडत होती, तिची की त्याची ते कळत नव्हतं. तिला दिसत होतं की आत्ता एक शब्द बोलला की दीड वर्षाचं सगळं खरं बाहेर येईल, शेठ सुटेल, दानिश बुडेल, आणि अब्बाने खिशात लपवलेला हात उगाच लपवलेला ठरेल.

"हो," ती म्हणाली. "अब्बाचीच चूक होती."

श्रेयांसने पेनड्राइव्ह काउंटरवर ठेवला. अब्बाने तिचं मनगट सोडलं, काचेवरच्या पहिल्या थेंबावर अंगठा ठेवला, आणि पुसायला सुरुवात केली.